सात गुणांनी हुकलेलं अंगण

ट्रेवेना, मोंटाना
१४ मार्च २००६

हेडली,

आपलं अंगण पास झालं, आणि तेच दुखणं आहे. दहा लाख भाग मातीत अडीचशे भाग सोमल, म्हणजे आर्सेनिक, निघाला, तर माती कार्यालयाची माणसं येऊन दीड फूट खोल माती उचलून नेतात, नवी माती घालतात, हिरवळ अंथरतात आणि वर एक सफरचंदाचं रोप भेट देतात. आपला आकडा आला दोनशे त्रेचाळीस. सात गुणांनी हुकलो. धातू गाळायच्या भट्टीची चिमणी सत्तर वर्षं गावाच्या डोक्यावर सोमल आणि शिसं ओकत होती, तिने आपल्याच अंगणाशी हात आखडता घेतला म्हणायचा.

कारण काय, तर माझी मेहनत. चाळीस वर्षं मी रुटाबागाच्या वाफ्यात ओढ्याकाठची माती आणि घोड्याची लीद ओतते आहे, तेव्हा कुठे खाणदिनाच्या जत्रेत डोक्याएवढा कंद पहिला येतो. नमुने घ्यायला आलेल्या गृहस्थांचे गुडघे दुखत होते. अंगणात पाच ठिकाणी खणून माती एकत्र कालवायची असते. त्यांनी पाचांपैकी तीन ठिकाणं माझ्या वाफ्यातच निवडली, कारण तिथली माती मऊ. शेजारच्या मिर्को कोवाचेविचने जन्मात फावडं धरलं नाही, त्याला मिळाले नऊशे दहा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे.

हिरवळ गेली खड्ड्यात, मला तिचं काही नाही. माझी नात मेरिन नवऱ्याने हात वर केल्यापासून दीड वर्षाच्या केझायाला घेऊन बॉयझीत एका खोलीत राहते. तिला इथल्या इस्पितळात परिचारिकेची नोकरी लागते आहे, जूनपासून. पण ती म्हणते, "आजी, ही पोरगी दिसेल ती माती तोंडात घालते. अंगण साफ असल्याचा कागद दाखव, तरच येते." गारफिल्ड मला विधवा करून गेल्यापासून या घरात मी एकटीच बोलते आणि एकटीच ऐकते. मला त्या दोघी इथे हव्या आहेत, हेडली. बाकी काही नको.

फोन केला असता, पण सुरुंगांनी तुझे कान नेले. फोनवर तू नुसता "हो हो" करतोस आणि भलतंच ऐकतोस. म्हणून लिहिते. काय करू ते सांग.

तुझी ताई,
टॅम्सिन


टूसॉन, ॲरिझोना
२७ मार्च २००६

प्रिय ताई,

पत्र पोचलं. एकतीस वर्षं खाणीचा मुख्य सुरक्षा अधिकारी म्हणून काम केल्यामुळे या विषयावर बोलण्याचा थोडाफार अधिकार मला आहे, असं मी नम्रपणे मानतो. घातक पदार्थांची विल्हेवाट या विषयावर मी एकूण दोनशे बारा व्याख्यानं दिली. पितळी फलक अजून भिंतीवर आहे, तू पाहिलाच आहेस.

माझा सल्ला असा: नियमाप्रमाणे जा. फेरतपासणीचा अर्ज कर, भाषा सौम्य ठेव, कार्यालयातल्या बाईंना तुझी ती मटणाच्या करंजीसारखी पास्टी वगैरे नेऊन देऊ नकोस, त्याला लाच म्हणतात.

सहज विचारतो, बाकीची दोन ठिकाणं त्यांनी कुठे खणली? लायलॅकच्या झाडाखाली नाही ना? विशेष काही नाही. झाड आईने लावलेलं आहे, मुळं दुखावतील एवढंच.

तुझा धाकटा भाऊ,
हेडली नॅनकर्विस
(निवृत्त मुख्य सुरक्षा अधिकारी)


ट्रेवेना
१० एप्रिल २००६

निवृत्त मुख्य सुरक्षा अधिकारी साहेब,

पास्टी तुझं पत्र यायच्या आधीच देऊन झाली होती. ऑस्टबीबाईंनी ती खाल्ली, हात पुसले आणि नियम सांगितले. फेरतपासणी एकदाच मिळते, आणि खणायचं त्याच पाच ठिकाणी. मी म्हटलं, "मुलांच्या खेळण्याची जागा वेगळी तपासतात ना?" त्या म्हणाल्या, "हो, पण घरात मूल राहत असेल तरच." मी म्हटलं, "अंगण साफ नाही म्हणून मूल येत नाही." त्या म्हणाल्या, "मूल नाही म्हणून खेळायची जागा नाही, आणि जागा नाही म्हणून तपासणी नाही." इतक्या गोड आवाजात म्हणाल्या की मला आधी पटलंच. पायऱ्या उतरून खाली आल्यावर राग आला.

गावात आता माणसाची किंमत आकड्यावर ठरते. सातशेच्या वरचे चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसतात. ट्रेगियरांच्या सुनेने मुलीच्या साखरपुड्यात व्याह्यांना सांगितलं, "आमचं अंगण साडेआठशेचं आहे हो." व्याही सहाशेचे, बिचारे मान खाली घालून केक खात बसले. मिर्को रोज सकाळी नव्या हिरवळीवर खुर्ची टाकून बसतो. मला म्हणतो, "टॅम्सिन, इतकी राबलीस नसतीस तर तुझंही भलं झालं असतं." ज्याने साधा कांदा लावला नाही, तो मला शेतीचे धडे देतो.

लायलॅकखाली कुणी खणलं नाही. तिथल्या त्या टकल्या जागेला मीसुद्धा आजवर कुदळ लावलेली नाही. का, ते तुला ठाऊक आहे. आणि मला ते ठाऊक आहे, हे तुला ठाऊक नाही. मी तुला खिडकीतून पाहिलं होतं, बाबा. जाऊ दे, आता काय त्याचं.

आता मुद्द्याचं. तळघरात लोणच्याच्या बरण्यांमागे पप्पांचा डबा सापडला, ज्याच्यावर त्यांनी कवटी काढली होती तो. आठवतं ना, खाणीतला काय, भट्टीवरचा काय, जो तो चिमणीतली पांढरी पूड घरी आणायचा, गोगलगाई आणि उंदीर मारायला. डबा अजून निम्मा भरलेला आहे. माझ्या मनात एक विचार आला आहे. काट्याने काटा काढायचा. तू सुरक्षावाला, म्हणून विचारते.

टॅम्सिन


टूसॉन
२२ एप्रिल २००६

प्रिय ताई,

तू पाहिलं होतंस, हे वाचून मी दोन दिवस जेवलो नाही. इतकी वर्षं तू एक शब्द बोलली नाहीस, याबद्दल तुझे आभार कसे मानावेत कळत नाही. अकरा वर्षांचा होतो मी, एवढंच म्हणतो. तुला ठाऊकच आहे म्हटल्यावर तू त्या जागेपासून लांब राहशील आणि इतरांनाही लांब ठेवशील, यात शंका नाही. माझ्या मनावरचा मोठाच भार उतरला. आता त्या विषयावर आपण दोघांनीही न बोललेलं बरं.

तुझ्या विचाराबद्दल अधिकृतपणे सांगायचं तर नमुन्यात ढवळाढवळ करणं हा गुन्हा आहे आणि मी त्याचा तीव्र निषेध करतो. डब्याचं म्हणशील तर तो असू दे. त्याने कुणाचं काही बिघडणार नाही.

इथे उकाडा सुरू झाला आहे.

हेडली


ट्रेवेना
२२ मे २००६

हेडली,

मुख्य सुरक्षा अधिकाऱ्याने लेखी दिलं की कवटीच्या डब्याने कुणाचं काही बिघडत नाही, तेव्हा मी हातमोजे घातले. रविवारी सगळं गाव चर्चमध्ये असताना पाचही ठिकाणी दोन-दोन चमचे पूड पेरली आणि वरून माती सारखी केली. मनात हिशेब सरळ होता. आकडा फुगेल, महिन्याभरात ते येऊन सगळंच उचलून नेतील, पुडीसकट. सत्तर वर्षं कंपनीने फुकट वाटला, त्यात माझे दहा चमचे. चर्च चुकवलं म्हणून पाद्रीबाई चौकशीला आल्या. त्यांना सांगितलं, अंगाला घाम सुटला होता. खोटं नव्हतं ते.

निकाल आला दोनशे एकोणचाळीस. चार गुण कमी.

हात दाखवून अवलक्षण. पप्पांचा सोमलसुद्धा नॅनकर्विसांच्या नशिबी नेभळट निघावा. साठ वर्षांत विरतो का रे तो? ऑस्टबीबाई स्वतः घरी आल्या. माझा हात हलवून अभिनंदन केलं आणि सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र दिलं: 'हे अंगण राहण्यास, खेळण्यास व बागकामास सुरक्षित आहे.' खाली तीन सह्या आणि पुलाचं चित्र. पूल का, विचारलं. छपाईखान्यात तेवढंच चित्र होतं म्हणे.

मी तो कागद चुलीत घालणार होते. पण मग डोक्यात प्रकाश पडला. मेरिनला कागदच तर हवा होता. मी तिला त्याची प्रत धाडली. तिने वाचली, दोन वेळा फोन करून खात्री केली, आणि गेल्या शुक्रवारी दोघी आल्या. बिछाने, बाहुल्या, दोन खुर्च्या, सगळं घेऊन. हेडली, चार दिवस झाले, या घरात कुणीतरी रडतं, कुणीतरी हसतं, कुणीतरी माझ्या चपला लपवतं. मी इतकी सुखात आहे की मिर्कोच्या हिरवळीचीसुद्धा मी स्तुती केली.

सोबत फोटो आहे. केझाया, लायलॅकखाली. तुझ्या त्या जागेवरच तिला बसवलं, मुद्दाम. तिथे गवत नाही, माती भुसभुशीत, माझा सुपाचा चमचा दिला की तासभर खणत बसते. इतकी वर्षं ती जागा एकटी होती, म्हटलं तिलाही सोबत होईल. तुला आवडेल असं वाटलं. गालावर काळं लागलंय ती मातीच आहे. कितीही सांगा, खातेच.

टॅम्सिन


टूसॉन
२६ मे २००६, तातडीची डाक

ताई,

आज दुपारी मी फोनवर ओरडलो ते तू ऐकलंस की नाही, मला कळायला मार्ग नाही. मी पाच वेळा म्हटलं, पोरीला लायलॅकखालून उठव, हात तोंड धू, इस्पितळात ने. पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा पाच वेळा ओरडलो. मेरिनच्या इस्पितळातही फोन केला. त्यांना वाटलं मीच आजारी आहे. म्हणून लिहितो, आणि सगळं लिहितो.

मला वाटलं, तुला ठाऊक आहे. फोटो पाहिला तेव्हा कळलं, तुला ठाऊक नाही. तू खिडकीतून काय पाहिलंस ते देव जाणे.

१९४८च्या जून महिन्यातली गोष्ट. सोमवार, धुण्याचा दिवस. आईने पप्पांचा कवटीचा डबा लोण्याच्या पत्र्याच्या डब्यात रिकामा केला आणि कवटीच्या डब्यात चुना-खडूची पूड भरली, पप्पांना कळू नये म्हणून. मी तिथे उभा होतो. म्हणूनच लिहिलं की त्याने कुणाचं बिघडणार नाही. तू पेरलास तो खडू होता, ताई.

खरा सोमल तिने माझ्या हातात दिला. म्हणाली, "हेडली, हे गाळाच्या तळ्यात टाकून ये. घरात दोन मुलं आहेत. तुझ्यावर विश्वास आहे माझा." तळं दोन मैलांवर. त्या दिवशी चौकात हातोड्याने खडक फोडायच्या स्पर्धेची अंतिम फेरी होती. मी डबा लायलॅकखाली कोपरभर खोल पुरला आणि स्पर्धा बघायला पळालो. संध्याकाळी आईला सांगितलं, टाकून आलो. तिने मला पप्पांना द्यायची तेवढी मोठी अख्खी पास्टी दिली. मी ती खाल्ली.

पुढे रोज ठरवायचो, उद्या काढीन. मग तिथलं गवत मेलं आणि मला त्या जागेची भीती वाटायला लागली. मग आई गेली. मग मी सुरक्षा अधिकारी झालो. दोनशे बारा व्याख्यानं दिली, आणि प्रत्येक व्याख्यानात सांगितलं की आळस हा सर्वांत घातक पदार्थ आहे. लोक वहीत लिहून घ्यायचे.

मार्चमध्येच तुला सांगायला हवं होतं. ताकाला जाऊन भांडं लपवत राहिलो. त्या पोरीला काही झालं तर मी काय करीन, मला माहीत नाही. फलक मी भिंतीवरून काढला आहे.

हेडली


ट्रेवेना
३० जून २००६

हेडली,

आधी तुला हवं ते सांगते. केझाया बरी आहे. पहिल्या तपासणीत तिच्या लघवीत सोमल निघाला, असायला हवा त्याच्या तिप्पट. डॉक्टर म्हणाले, तिला मातीपासून लांब ठेवा, पाणी पाजा, दहा दिवसांनी पुन्हा बघू. दुसऱ्या तपासणीत उतरला, काल तिसरीत पुरता गेला. ते दहा दिवस मी कसे काढले ते मी तुला लिहिणार नाही. ते वाचून तुझा भार हलका होईल, आणि इतक्यात तो व्हायला नको.

तू फोनवर ओरडलास ते मीच काय, मिर्कोनेही त्याच्या हिरवळीवरून ऐकलं. मी धावले तेव्हा चमचा तिच्या तोंडात होता. मेरिन तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. बरोबरच केलं तिने. मग मी तिला माझ्या दहा चमच्यांबद्दलही सांगून टाकलं, म्हटलं रागवायचं तर एकदाच रागव. खडू निघाला म्हणून माझं पाप कमी होत नाही. मी सोमल समजूनच पेरला होता.

पुढचं ऐक. ऑस्टबीबाई तोंडाला फडकं बांधून आल्या. डबा निघाला, गंजून चाळणी झालेला. तिथला आकडा आला एकतीस हजार. गावाच्या इतिहासात एवढा कुणाचा आला नाही. मिर्को टोपी काढून दारात उभा राहिला आणि म्हणाला, "टॅम्सिन, मला कल्पना नव्हती." चर्चमध्ये ट्रेगियरांच्या सुनेने उठून मला पुढच्या बाकावर जागा दिली. खाणदिनाच्या मिरवणुकीत मला उघड्या गाडीत बसवायचं चाललं आहे. त्यांना सांगितलं, भावाला बसवा, कामगिरी त्याची आहे.

सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र त्यांनी परत नेलं. ते परत नेल्याची पोच म्हणून मला दुसरा कागद दिला. त्यावरही पूल आहे. आता घरात मूल राहतं, म्हणून खेळण्याची जागा आहे, म्हणून सगळं अंगण बदललं. माझा वाफासुद्धा गेला. चाळीस वर्षांची लीद आणि घाम ट्रकमधून गेला. गावातली सगळ्यात चांगली माती होती ती. तेवढ्यासाठी मी रडले. लायलॅकही तोडावा लागला. एक फांदी कुंडीत लावली आहे, जगेल असं वाटतं.

रोज संध्याकाळी पायरीवर बसते आणि आईचाच विचार करते. पप्पांना ती मागच्या दारी कपडे काढायला लावायची, त्यांचे कपडे वेगळ्या टबात धुवायची. आणि पास्टी. खाणीत माणसं काठाच्या मुरडीला धरून पास्टी खायची आणि मुरड फेकून द्यायची, कारण बोटांना सोमल. पण आपण तर घरी खायचो. तरी ती आपल्याला मुरड खाऊ देत नसे. म्हणायची, "ती खाणीतल्या भुतांची. नाही टाकलीत तर भुतं पप्पांना वर येऊ देणार नाहीत." आपण भिऊन टाकायचो, हेडली. आत्ता या वयात मला कळलं, तिला भुताखेतांचं काही नव्हतं. आपली मातीची बोटं तोंडात जाऊ नयेत एवढंच तिला हवं होतं. या गावात फॉर्म न भरता सफाई केलेली ती एकटी बाई. आणि तिने सांगितलेलं एक काम तुला झालं नाही.

मी अजून चिडलेली आहे. पण फलक पुन्हा भिंतीवर लाव. उलटा लाव.

आता मी खिडकीतून काय पाहिलं ते ऐक. त्याच आठवड्यात तुझी पिवळी मांजर, डचेस, नाहीशी झाली. तू झाडाखाली काहीतरी पुरलंस आणि डोळे पुसत चौकाकडे पळालास. तू घाम पुसत असशील, मला वाटलं रडतोयस. पुढे डचेस दिसेना तेव्हा वाटलं, पोराने त्या दिवशी मांजरच पुरली, कुणाला सांगवत नाहीये. म्हणून मी त्या जागेला कधी कुदळ लावली नाही. दर वर्षी वाफा तिकडे वाढवायचा मोह व्हायचा, आणि दर वर्षी म्हणायचे, नको, हेडलीची डचेस आहे तिथे. अठ्ठावन्न वर्षं मी एका लोण्याच्या डब्याला मान देत आले. कामगारांनी माती चाळली, मांजरीचं एक हाड निघालं नाही. तू पुरल्यानंतरही दोन-तीन दिवस ती त्या ताज्या उकरलेल्या मातीवर उन्हात लोळायची आणि पंजे चाटायची, हे मला काल आठवलं. तुला ते तेव्हाच कळलं असणार. म्हणून तू कधी दुसरी मांजर पाळली नाहीस ना?

ऑगस्टमध्ये ये. मागच्या दाराने ये, बूट बाहेर काढ, हात धू. केझायाला तुला बघायचं आहे, फोनवर ओरडणारा माणूस कसा दिसतो ते. पास्टी करीन. मुरडीसकट खायची, आता अंगणाचा आकडा बारा आहे.

आणि यापुढे कुठे काही पुरलंस, तर पत्र टाक.

तुझी ताई,
टॅम्सिन